‘पोरं ठेवा, पगार सरकार देतं’: बेळगावात फिरणाऱ्या मेसेजचा हिशेब

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. सार असं: ‘कॉलेजचा कुठलाही विद्यार्थी पार्टटाइम ठेवा, अर्धा पगार सरकार तुमच्या खात्यात जमा करतं. महाराष्ट्राच्या योजनेत तर पूर्ण. पीएफ नाही, ईएसआय नाही, हवे तितके घ्या. अमेरिकेत हेच चालतं.’ निव्वळ थाप असती तर सोडून दिली असती. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या खऱ्या योजनेतून उचललंय आणि सगळ्यांची खिचडी केलीय. म्हणूनच शहाणी माणसंही फसतात.

आधी पैशाचं बोलू, कारण मेसेज उघडला जातो तो त्यासाठीच. ‘तुमच्या खात्यात’ हे साफ चूक. अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार ठेवायला आपल्याकडे लागू होणाऱ्या केंद्राच्या योजना दोन, दोन्ही १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालच्या. २०१६ पासूनची नॅप्स (नॅशनल अप्रेंटिसशिप प्रमोशन स्कीम), आणि पदवी-डिप्लोमावाल्यांसाठी शिक्षण मंत्रालयाची नॅट्स (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम). नॅप्समध्ये सरकार स्टायपेंडचा पाव हिस्सा उचलतं, पण महिन्याला १५०० रुपयांच्या वर नाही. २०१९ च्या नियमांत बारावी झालेल्याचा किमान स्टायपेंड ७००० आहे. पाव हिस्सा १७५० होतो, मिळतात १५००, उरलेले ५५०० मालकाचे. ‘अर्धा पगार’ आला तो नॅट्समधून: पदवीधराच्या किमान ९००० पैकी ४५०० सरकारचे. तोही किमान रकमेचाच अर्धा. तुम्ही आपणहून १२००० दिलेत तरी सरकारचे ४५००च. आणि दोन्हीकडे सरकारचा हिस्सा आता थेट पोराच्या बँक खात्यात जातो, नॅप्समध्ये ऑगस्ट २०२३ पासून. मालकाच्या खात्यात दमडी येत नाही, त्याचा खर्च तेवढा कमी होतो, इतकंच. (किमान दर वाढवायची शिफारस मे २०२५ मध्ये झालीय, तेव्हा करार करताना त्या दिवसाचा दर बघून घ्या.)

‘कॉलेजचा कुठलाही विद्यार्थी, पार्टटाइम.’ इथे गाडी रुळावरून घसरते. गणपत गल्लीत संध्याकाळी चार तास काउंटरला उभं राहणाऱ्या बीकॉमच्या पोरासाठी या दोन्ही योजनांत जागा नाही. नॅट्स मुळात शिकून बाहेर पडलेल्यांसाठी. शिकता शिकता अप्रेंटिस व्हायचं तर कॉलेजनेच तसा कोर्स चालवायला हवा. त्याला एईडीपी म्हणतात, अप्रेंटिसशिप जोडलेली पदवी. यूजीसीच्या २०२५ च्या सूचनांप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सेमिस्टर पोरगं कंपनीत असतं, त्याचे क्रेडिट मिळतात. म्हणजे मालकाने आधी कॉलेज गाठायचं, पोरगं नंतर. व्हीटीयूच्या, म्हणजे इथल्या तंत्रविद्यापीठाच्या मुलांना इंटर्नशिप असते ती वेगळी, ती कोर्सचाच भाग, सरकारी हिस्सा त्यात नाही.

आता महाराष्ट्र. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, लोकांच्या तोंडी ‘लाडका भाऊ’, २०२४ ची. बारावीला ६०००, आयटीआय-डिप्लोमाला ८०००, पदवीधराला १००००, आणि हे सगळं शासन देतं हे खरं आहे. पण आस्थापना महाराष्ट्रातली लागते आणि शिक्षण चालू असलेला उमेदवार चालत नाही. बेळगावचं दुकान आणि कॉलेजचं पोरगं, दोघांनाही दार बंद. आपण बातम्या वाचतो कोल्हापूरच्या आणि ट्रेड लायसन्स काढतो बेळगावात, त्याचा हा परिणाम. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राच्या काही सवलती आहेत, म्हणून ‘हीपण आपल्याला असेल की ओ’ असं वाटणं साहजिक आहे. पण त्या सवलती माणसांसाठी, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शेडसाठी नव्हेत. सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीला शेड असेल तर चौकशी करा. तिथेही शिकणारं पोरगं नको. नॅट्सलासुद्धा हीच सीमा लागते: कर्नाटक चेन्नईच्या अप्रेंटिसशिप मंडळाखाली, महाराष्ट्र मुंबईच्या.

पंतप्रधान इंटर्नशिपचं नावही काही मेसेजांत घुसडलंय. २०२४ मध्ये सुरू झालेली ती योजना देशातल्या बड्या ५०० कंपन्यांसाठी होती. आपला तिथे संबंध नाही.

अमेरिकेचं उदाहरण तर उलट्याच बाजूने लागू होतं. तिथे १९६४ च्या कायद्यापासून फेडरल वर्क-स्टडी आहे. बाहेरचा मालक त्यात विद्यार्थी घेऊ शकतो, पण त्याला कॉलेजशी लेखी करार करावा लागतो, आणि पोराची आर्थिक गरज कॉलेजने तपासलेली असते. मालक नफ्यासाठी धंदा करणारा असेल तर सरकारी हिस्सा ५० टक्क्यांच्या वर जात नाही, काम शक्य तेवढं त्याच्या अभ्यासाशी जुळणारं लागतं, आणि आधीच्या कामगाराला काढून त्या जागी विद्यार्थी बसवता येत नाही. मेसेजवाल्याने यातलं ‘सरकार पैसे देतं’ एवढंच उचललं.

‘पीएफ नाही, ईएसआय नाही.’ खरं आहे, पण अप्रेंटिसचा करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला असेल तरच. कायदा अप्रेंटिसला कामगार न मानता शिकाऊ मानतो, म्हणून ही सूट. कागद नसेल तर तुमच्याकडे राबणारं पोरगं सरळ कामगार ठरतं, किमान वेतनासकट. आणि करार असला तरी सगळं सुटत नाही. कारखान्यात सुरक्षेचे नियम त्यालाही लागू, आणि कामावर इजा झाली तर भरपाई मालकाची. आपल्याकडे हे महत्त्वाचं, कारण उद्यमबाग, मच्छे म्हणजे फौंड्री, ओतकामाचे कारखाने. अकाउंट्स शिकायला आणलेल्या पोराला माणूस कमी पडला म्हणून फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासायला, ग्राइंडरवर उभं केलं, चष्मा न देता, आणि डोळ्यात कण गेला, तर ‘तो ट्रेनी होता’ म्हणून सुटका नाही. करारात लिहिलंय टॅली, ई-वे बिल, स्टोअरचं रजिस्टर, तर तेच शिकवायचं. शिकवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, उपकार नव्हे. ओव्हरटाइमही परवानगीशिवाय नाही.

‘हवे तितके’ म्हणाल तर एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. वीस माणसांच्या कारखान्यात तीन. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं सक्तीचं, चार ते एकोणतीसला ऐच्छिक, चारच्या खाली विषयच संपला. खडेबाजारातली निम्मी दुकानं इथेच बाद होत असतील, हा माझा अंदाज.

करार संपल्यावर कायम करावं लागतं ही भीतीही काहींना आहे. तसं बंधन कायद्यात नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मेसेज गप्प आहे: कर्नाटकची युवानिधी. बेरोजगार पदवीधराला महिन्याला ३०००, डिप्लोमावाल्याला १५००, जास्तीत जास्त दोन वर्षं. अप्रेंटिसचा स्टायपेंड सुरू झाला की ती मिळत नाही. पोराच्या हातात ९००० येणार असले तरी घरच्या हिशेबात वाढ ६००० चीच. त्यातून खानापूरहून रोज येण्याजाण्याचा खर्च वजा करा. सही घेण्याआधी हे त्याला सांगा, नाहीतर दुसऱ्याच महिन्यात तो काम सोडेल आणि तुम्ही पुन्हा पोर्टलवर नवा उमेदवार शोधत बसाल.