दहा वाजेपर्यंतचा बर्फ

स्नोशूज घातले की बर्फात पाय रुतत नाहीत, असं मला सांगितलं होतं. ते खरंच आहे, फक्त त्यापुढचे 'उन्हं चढेपर्यंत' हे दोन शब्द सांगणाऱ्याने गिळले.

थिअरी एकदम सोपी. बुटाच्या तळव्यापेक्षा कितीतरी मोठी फळी पायाला बांधायची, वजन पसरतं, आपण वर राहतो. पूर्वी लाकडी चौकट आणि चामड्याच्या वाद्या असायच्या, लांबून टेनिसच्या रॅकेटी वाटाव्यात अशा. आता अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक आणि खाली धातूचे दात. चालायचं मात्र पाय फाकवून, बदकासारखं, नाहीतर एका फळीवर दुसरी पडते आणि आपणच आपल्याला तंगडी घालतो. पहिल्या दहा मिनिटांत मी स्वतःला दोनदा लोळवलं. आणि मागे पाऊल टाकायचं नाही, फळीची मागची शेपटी बर्फात घुसते, म्हणजे माघार घ्यायची तरी गोल फिरून, इज्जतीत.

तर वसंतातला बर्फ. रात्री गोठतो, दिवसा वितळतो, परत गोठतो. पहाटे वरचा थर असा कडक की नुसत्या बुटांनीही चालता यावं आणि दुपारी त्याचीच ओली साखर झालेली. म्हणून पहाटे निघायचं आणि ऊन तापायच्या आत खाली यायचं. मित्राने चारचा अलार्म लावायला सांगितला, मी लावला, तो वाजलाही, त्याची काही चूक नाही. आम्ही नऊला निघालो.

अकराच्या सुमाराला पायाखाली ओल्या बर्फाचे गोळे चिकटायला लागले, प्रत्येक पाऊल किलोभराने जड, काठीने ठोकून पाडायचे, चार पावलांनी परत तेच. दम लागला म्हणून मी टेकायला एका झाडाजवळ गेलो. आता खोड उन्हाने तापतं, भोवतीचा बर्फ आतून पोकळ करतं आणि वरून सगळं गुळगुळीतच दिसतं, हे ज्ञान मला मांडीपर्यंत आत गेल्यावर मिळालं.

लाज वाटली की धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ना, इथे घेतलं, पण एकच पाय. दुसरा वरच, फळीसकट, भलत्याच दिशेला. आतला पाय ओढावा तर वर येईना, कारण फळी तिरकी होऊन नांगरासारखी अडकलेली आणि वर ओला बर्फ सिमेंटसारखा बसलेला. मित्र म्हणाला, "हलू नकोस." मला वाटलं काही धोका आहे. फोटो काढत होता.

शेवटी हाताने खणून पाय काढला. तेवढ्यात वरच्या उतारावरून बर्फाचे छोटे छोटे गोळे आपोआप घरंगळत यायला लागले आणि मित्राचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला, कारण ओल्या बर्फाचा अख्खा थर उतारावरून सुटून कोसळायच्या आधी असंच होतं. लगेच मागे फिरलो. हो, गोल फिरून. शिखराचा विषय कोणी काढलाच नाही.

उतरताना दर वीस पावलांनी धप्प. क्रीम सगळीकडे लावलं होतं, फक्त नाकपुड्या आणि हनुवटीखाली नाही, आणि ऊन बर्फावरून उलटं येऊन नेमकं तिथेच भाजलं. माणूस नाकपुड्यांना क्रीम लावतो का हो?

खाली पोचता पोचता मागून एक साठीच्या बाई आल्या, पहाटेच वर जाऊन निवांत उतरत होत्या, घाम नाही, धाप नाही. म्हणाल्या, "वाटेत केवढाले खड्डे पाडून ठेवलेत कुणीतरी, बघितलेत का? पाय मुरगळेल एखाद्याचा."

मी भिजलेली पँट बॅगेआड घेतली. "हो ना," म्हटलं, "लोकांना अक्कलच नसते."

मित्राने फोटो दाखवायला फोन बाहेर काढला.