कानांनी पाहिलेले चित्रपट

गेल्या दीड महिन्यात मी पाच चित्रपट पाहिले आणि त्या पाचांनी मिळून माझी चित्रपट पाहण्याची एक जुनी सवय मोडली, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. यांपैकी एकही चित्रपट अगदी ताजा नाही. काही मीच उशिरा पाहिले, काही दुसऱ्यांदा पाहिले. पुढे कथानकातील बऱ्याच प्रसंगांचा उल्लेख येणार आहे, तेव्हा ज्यांना ते आधी कळू नयेत असे वाटते त्यांनी हे चित्रपट पाहून झाल्यावर वाचावे.

सवय अशी होती की मी चित्रपट डोळ्यांनी पाहत असे. कथा, चेहरे आणि संवाद यांकडे माझे लक्ष असे, आणि उरलेला सगळा आवाज मागे कुठे तरी चालू असे. करुण प्रसंग आला की व्हायोलिन वाजणार आणि संकट जवळ आले की ढोल घुमणार, हे इतके अंगवळणी पडले होते की कुठे काय वाटून घ्यायचे हा निर्णय मी त्या वाद्यांवर सोडून दिला होता. हे माझ्या लक्षात आले ते जोनाथन ग्लेझर यांचा ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ पाहताना. घरातली माणसे झोपली होती म्हणून मी हेडफोन लावले होते, आणि त्याबद्दल मी त्या रात्रीची ऋणी आहे.

हा चित्रपट काळ्या पडद्याने सुरू होतो. शीर्षक हळूहळू विरघळून जाते आणि मग बराच वेळ दिसण्यासारखे काहीच नसते. फक्त मिका लेवी यांचे, खोल विहिरीत उतरत जावे तसे संगीत, आणि त्यातून पुढे येणारा पक्ष्यांचा किलबिलाट. आता कान उघडे ठेवा, अशी ती सूचनाच आहे. त्यानंतर दिसते ते एक सुखवस्तू जर्मन कुटुंब, नदीकाठची सहल, मोठे घर, फुलांचे ताटवे, मुलांसाठी बांधलेला छोटा तलाव. घर आहे ऑशवित्झच्या छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ हॉस याचे, आणि बागेची भिंत म्हणजेच छावणीची भिंत. भिंतीपलीकडे चाललेला संहार ग्लेझर पडद्यावर आणत नाहीत, तो आपल्याला केवळ ऐकू येतो: बंदुकीचे बार, कुत्र्यांचे भुंकणे, कोणाची तरी किंकाळी, आणि या सगळ्याच्या तळाशी अखंड चालणारी भट्टीची घरघर. ध्वनिसंयोजक जॉनी बर्न यांनी चित्रीकरणापूर्वी छावणीतील आवाजांविषयी सुमारे ६०० पानांचे टिपण तयार केले होते. कोणते यंत्र कसे वाजत असे, बार किती अंतरावरून ऐकू येत असे, इथपर्यंतचा तो अभ्यास होता आणि तो चित्रपटात पावलोपावली जाणवतो.

मला सर्वांत जास्त हादरवले ते मात्र माझ्याच कानांनी. पहिली वीस-पंचवीस मिनिटे प्रत्येक बारागणिक मी दचकत होते. त्यानंतर हॉसची पत्नी हेडविग आपल्या आईला बाग दाखवते, कुठे काय लावले आहे ते कौतुकाने सांगते, तेव्हा मी तिचे बोलणे ऐकत राहिले आणि बराच वेळ गेल्यावर माझ्या ध्यानात आले की मधल्या काळात भिंतीपलीकडचे आवाज मला ऐकूच आले नव्हते. ते थांबले नव्हते, माझ्या कानांना त्यांची सवय झाली होती. हॉस कुटुंबाला जे वर्षानुवर्षांत जमले ते मला अर्ध्या तासात जमले, ही जाणीव मी अजून विसरू शकलेले नाही. आई मात्र हे सहन करू शकत नाही. रात्री खिडकीतून तो लालसर उजेड पाहते आणि कोणालाही न सांगता, एक चिठ्ठी ठेवून निघून जाते.

त्याहून लहान एक प्रसंग आहे. धाकटा मुलगा आपल्या खोलीत खेळतो आहे. बाहेरून आवाज येतात, कोणा कैद्याने सफरचंदासाठी भांडण केले म्हणून त्याला नदीत बुडवण्याचा हुकूम सुटतो. मुलगा खिडकीपाशी जातो, पडदा पुन्हा लावतो आणि पुन्हा असे करू नकोस असे काहीसे स्वतःशीच पुटपुटतो. ती सफरचंदे रात्रीच्या अंधारात एका मुलीने कैद्यांसाठी मातीत लपवून ठेवलेली असतात, हे आपण आधी पाहिलेले असते. एका चांगल्या कृतीचे काय झाले, हे त्या मुलीला कधीच कळणार नाही, आपल्याला मात्र ते पलीकडून ऐकू येते. इतका क्रूर आणि इतका संयत प्रसंग मी फार दिवसांत पाहिलेला नाही.

यानंतर मी मुद्दाम ख्रिस्तोफर नोलन यांचा, अणुबॉम्ब घडवणाऱ्या शास्त्रज्ञावरचा ‘ओपनहायमर’ पुन्हा पाहिला, कारण मार्च २०२४ च्या ऑस्कर सोहळ्यात हे दोन चित्रपट समोरासमोर होते. ‘ओपनहायमर’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात पुरस्कार मिळाले, त्यांत संगीताचाही होता, ध्वनीचा पुरस्कार मात्र ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ने नेला. मला ही वाटणी अतिशय न्याय्य वाटते. लुडविग योरानसन यांचे संगीत सुटे ऐकले तर उत्तम आहे, परंतु तीन तासांच्या चित्रपटात ते क्वचितच विसावा घेते. १९५४ मध्ये ओपनहायमर यांच्यावर बसलेल्या चौकशीची दृश्ये पाहा. एका लहानशा खोलीत काही माणसे टेबलाभोवती बसून एका माणसाची अब्रू कागदोपत्री उतरवत आहेत. त्या खोलीची कोंदट शांतता, खुर्ची सरकल्याचा आवाज, एखादे उत्तर देण्यापूर्वीचा विराम, एवढ्यावर ते दृश्य उभे राहिले असते. तिथेही खालून व्हायोलिने चढत जातात आणि मला घाई करायला लावतात. अभिनेते आपले काम इतके चोख करत असताना दिग्दर्शकाने त्यांच्यावर आणि माझ्यावर थोडा अधिक विश्वास ठेवायला हवा होता, असे मला वाटत राहिले.

मात्र नोलन यांना शांततेची ताकद कळत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १६ जुलै १९४५ च्या ट्रिनिटी चाचणीचे, म्हणजे पहिल्या अणुस्फोटाचे, दृश्य हा त्याचा पुरावा आहे. स्फोट होतो, पडदा उजेडाने भरून जातो आणि आवाज नाहीसा होतो. ऐकू येतो तो केवळ श्वास. यामागे भौतिकशास्त्र आहे. ओपनहायमर ज्या निरीक्षणकक्षाजवळ होते तो स्फोटाच्या ठिकाणापासून सुमारे ९ किलोमीटरवर होता, त्यामुळे प्रकाश तत्काळ पोहोचला आणि गडगडाट पोहोचायला पंचवीसहून अधिक सेकंद लागले. नोलन ते अंतर ताणतात आणि त्या ताणलेल्या शांततेत आपल्याला पुढचे सगळे दिसू लागते. त्यानंतरचे सभागृहातले भाषणही तसेच आहे. लोक आनंदाने पाय आपटत आहेत, टाळ्या वाजवत आहेत, आणि एकाएकी तो कल्लोळ बंद होऊन एकच किंकाळी उरते. ही दोन दृश्ये इतकी उत्तम आहेत म्हणूनच उरलेल्या चित्रपटातील संगीताच्या सलग प्रवाहाबद्दल मला अधिक वाईट वाटते.

विम वेंडर्स यांच्या ‘परफेक्ट डेज’विषयी थोडक्यात लिहिते, कारण तो बहुतेकांना आवडतो आणि मलाही आवडला. टोकियोतील सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करणारा हिरायामा दररोज पहाटे उठतो तो गजराने नव्हे, तर बाहेर रस्ता झाडणाऱ्या बाईच्या खराट्याच्या आवाजाने. दुसऱ्या दिवशी तो खराटा पुन्हा ऐकू आला तेव्हा मला ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले. हिरायामा फारसा बोलत नाही, गाडीत जुन्या कॅसेट लावतो आणि जेवणाच्या सुट्टीत झाडाचे छायाचित्र काढतो. कोजी याकुशो यांना या भूमिकेसाठी २०२३ मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. माझा एक आक्षेप आहे. नामांकित वास्तुरचनाकारांनी बांधलेली ती स्वच्छतागृहे हिरायामा साफ करायला येतो तेव्हाच बरीचशी स्वच्छ असतात. या कामातली घाण आणि थकवा वेंडर्स यांनी बाजूला ठेवला आहे, आणि त्यामुळे हिरायामाची शांती जितकी कमावलेली वाटायला हवी तितकी ती मला वाटली नाही. शेवटच्या दृश्यात गाडी चालवताना त्याच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकाच वेळी येते तेव्हा मात्र हा आक्षेप घटकाभर मागे पडतो.

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला कान महोत्सवातील ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार २०२४ मध्ये मिळाला, त्याच्या आदल्याच वर्षी तो ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ला मिळाला होता. कानच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी पोहोचला याची चर्चा पुष्कळ झाली, पण त्याच्या आवाजांविषयी मी फारसे वाचले नाही. मुंबईत पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांचे स्वर सुरुवातीलाच ऐकू येतात, निरनिराळ्या भाषांत, आणि बोलणारे चेहरे मात्र दिसत नाहीत. पडद्यावर असते ते रात्रीचे शहर. कोणाचा आवाज कोणाचा हे शोधण्याचा नाद मी लवकरच सोडला आणि मग ते सगळे मिळून एकच कहाणी सांगत आहेत असे वाटू लागले. प्रभा आणि अनू या मल्याळी परिचारिका, आणि त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती. कागदपत्रे नाहीत म्हणून पार्वतीचे घर जाणार आहे आणि शेवटी ती कोकणातल्या आपल्या गावी परतते. छाया कदम यांनी पार्वतीच्या तोंडच्या मराठीला जो ठसका दिला आहे, त्यात दुःखाची जाहिरात कुठेही नाही.

या चित्रपटाने माझ्या मताला एक आवश्यक मुरडही घातली. येथे संगीत आहे, इथिओपियाच्या एमाहॉय त्सेगे-मरियम ग्वेब्रू यांच्या पियानोचे सूर आहेत, आणि तरीही त्यांनी मला एकदाही काय वाटून घ्यावे हे सुचवले नाही. ते सूर पात्रांच्या शेजारून चालतात. जर्मनीहून, बहुधा तिकडे गेलेल्या नवऱ्याकडून, आलेला भात शिजवायचा कुकर प्रभा रात्री एकटीच मिठीत घेते, त्या वेळी खोलीत पुरेशी जागा आणि पुरेशी शांतता ठेवलेली आहे. म्हणजे माझी तक्रार पार्श्वसंगीताविषयी नसून त्याच्या हुकमतीविषयी आहे.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले तो चित्रपट: चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’. २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवात त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो मला संथ वाटला होता. या वेळी ऐकला आणि माझे मत संपूर्ण बदलले. शरद नेरुळकर हा शास्त्रीय गायन शिकणारा तरुण आहे. तो निष्ठावंत आहे, रियाजाला चुकत नाही, गुरुजींची मनापासून सेवा करतो, आणि तरीही त्याचे गाणे उंची गाठत नाही. ही गोष्ट संवादांत सांगणे सोपे होते. ताम्हाणे ती ऐकवतात. शरद झालेले आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड हे दोघेही प्रत्यक्षात गायक आहेत, त्यामुळे मैफलीची दृश्ये ओठ हलवून उरकलेली नाहीत. कॅमेरा एका जागी स्थिर राहतो, तानपुरे चालू असतात, शरद आलाप करतो आणि त्यात खटकण्यासारखे काहीही नसते. स्वर जागच्या जागी आहेत, तान तयार आहे, फक्त गाणे होत नाही. मला शास्त्रीय संगीताची जाण बेताचीच आहे, पण गुरुजींचे गाणे ऐकल्यावर शरदचे ऐकताना तो फरक मलाही जाणवला, आणि तो कोणी समजावून न सांगता जाणवला याचे मला फार अप्रूप वाटले.

रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावरून शरद मोटारसायकलवर संथ गतीने जात असतो आणि त्याच्या कानांत माईंची, म्हणजे गुरुजींच्या गुरूंची, ध्वनिमुद्रित भाषणे चालू असतात. कलावंताने कसे जगावे, कशाचा त्याग करावा, लोकांना खूश करण्याच्या फंदात का पडू नये, असे बरेच काही माई सांगतात, आणि त्या पडद्यावर कधीच दिसत नाहीत. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. १९ एप्रिल २०२१ रोजी त्या गेल्या आणि अवघ्या अकरा दिवसांनी हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. हे ठाऊक असताना तो ठाम, जरा कोरडा, कसलीही सवलत न देणारा स्वर ऐकणे ही वेगळीच गोष्ट आहे. पहिल्या वेळी मला माई पूर्णपणे पटल्या होत्या. या वेळी एका जिवंत तरुणाच्या कानांत हा आवाज सतत चालू राहिल्यामुळे त्याला स्वतःचा आवाज ऐकायला उसंतच मिळाली नाही, असे वाटून मला शरदविषयी कळवळा आला. पुढे एक संगीताचा जाणकार माईंबद्दल नको ते सांगतो आणि शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो, त्यामागची भीती मला आता कळते.

दूरचित्रवाणीवरील स्पर्धेतून नावारूपाला येणाऱ्या गायिकेचा भाग मला थोडा ढोबळ वाटला. बाकी चित्रपटाची नजर जितकी बारीक आहे तितकी ती तिथे नाही. शेवटाबद्दल मात्र कसलीही तक्रार नाही. शरद, त्याची पत्नी आणि मुलगी लोकलमधून चालले आहेत आणि डब्यात एक फिरता गायक गाऊ लागतो. त्याच्या गळ्यावर कोणतेही संस्कार नाहीत, घराणे नाही, माईंची भाषणे त्याने ऐकलेली नाहीत. शरदच्या मनात त्या वेळी काय येते हे आपल्याला सांगितले जात नाही. गाडीचा खडखडाट आणि ते गाणे एवढेच असते. मी चित्रपट तिथे थांबवला, थोडा मागे नेला आणि डोळे मिटून ते गाणे पुन्हा एकदा ऐकले.