खुर्ची मिळाली? मग हजरत उमर वाचू नका

अभिनंदन. गुलाल अजून कानामागून निघाला नसेल, सत्काराच्या शाली कुठल्या कपाटात कोंबायच्या यावर घरात वाद चालू असेल, आणि तेवढ्यात ईद मिलनाच्या कार्यक्रमाचं आमंत्रण येऊन पडलं असेल. तिथं चार शब्द बोलावे लागणार. कुणीतरी जाणता कार्यकर्ता कानाशी लागून सांगेल, "साहेब, खलिफा उमर यांचा दाखला द्या. साधी राहणी, न्यायी कारभार. टाळ्या नक्की."

जरूर द्या. नाव घ्या, टाळ्या घ्या, शीरखुर्मा घ्या आणि निघा. फक्त त्या माणसाचं चरित्र उघडू नका, एवढंच हात जोडून सांगणं आहे. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार असताना ते उघडलं होतं. पुढे सहा महिने सोसायटीच्या पेनानं घरची वाणसामानाची यादी लिहायची चोरी झाली. तुमच्याकडे तर पेनापेक्षा बरंच काही असणार.

अगदीच राहवलं नाही तर तरुणपणापर्यंत वाचा, तिथवर फारसा धोका नाही. मक्केच्या कुरैश टोळीपैकी, बनू अदी कुळातले. उंच, धिप्पाड, कुस्तीचा नाद, डोकं तापट. एक दिवस पैगंबरांचा निकालच लावतो म्हणून तलवार घेऊन निघाले. वाटेत कळलं की सख्खी बहीण फातिमा आणि मेहुणेही मुसलमान झालेत. तसेच तिच्या घरी वळले आणि तिच्यावर हात टाकला. तिला रक्त आलं, आणि ते बघून हेच वरमले. ती वाचत होती ती कुराणातली 'ताहा' सूरा मागून घेतली, वाचली, आणि त्याच दिवशी बाजू बदलली. परंपरेनं चालत आलेली ही गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल, हे तर आपल्यातलंच पक्षांतर. नीट बघा. मक्केत तेव्हा मुसलमान मूठभर होते आणि मार खात होते. हा गडी मारणाऱ्यांकडून मार खाणाऱ्यांकडे गेला. असल्या पक्षांतराला ना खातं मिळतं, ना महामंडळ.

634 मध्ये पहिले खलिफा, म्हणजे पैगंबरांनंतरचे मुसलमानांचे प्रमुख, अबू बक्र वारले आणि कारभार उमर यांच्याकडे आला. अबू बक्र यांनी जाताना आपल्याकडचं सरकारी ते सगळं परत पाठवलं. पाणी वाहणारा एक उंट, एक गुलाम आणि एक जुनी चादर. ते बघून उमर रडले आणि म्हणाले, तुम्ही मागून येणाऱ्यांना फार अवघड करून ठेवलंत, असं सांगतात. तुमच्या आधीचे काय ठेवून गेलेत? थकलेली बिलं आणि अर्धवट गटार. मग तुम्हाला अवघड कसलं आलंय?

पुढच्या दहा वर्षांत रोमनांच्या हातून सीरिया गेला, इजिप्त गेला, इराणचं सासानी राज्य कोलमडलं. मदिनेत संपत्ती इतकी यायला लागली की कुणाला किती द्यायचं याची वही घालावी लागली. तिचं नाव दिवाण. हा शब्द पुढे फिरत फिरत आपल्याकडेही आला. दिवाणी दावे आपण पिढ्यानपिढ्या लढतो, त्यातला दिवाण हाच. हिजरी सन मोजायला सुरुवातही यांच्याच काळात झाली. एवढ्या कर्तबगारीवर कुणीही चौकाचौकात फ्लेक्स लावले असते. हे मदिनेत ठिगळांचे कपडे घालून हिंडत. बरं, स्वतः हिंडा, तर तेही नाही. सुभेदार नेमताना अटी काय, तर उंची घोड्यावर बसायचं नाही, चाळलेल्या पिठाची भाकरी खायची नाही, तलम कापड घालायचं नाही आणि गरजू माणसाच्या तोंडावर दार लावायचं नाही.

दाराची गंमत बघा. साद बिन अबी वक्कास म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत, कादिसियाच्या लढाईत इराणी फौजेला हरवणारे सेनापती. इराकमधल्या कूफ्यात सुभेदार असताना त्यांनी घर बांधलं. शेजारी बाजार, गोंगाट फार, म्हणून पुढे दार बसवलं. बस, एवढाच गुन्हा. मदिनेत बातमी पोचली की सुभेदार आणि रयत यांच्यामध्ये दार आलंय. उमर यांनी मुहम्मद बिन मसलमा यांना धाडलं. हुकूम एका ओळीचा, दार जाळ आणि परत ये. ते कूफ्यात आले, लाकडं विकत घेतली, दारापाशी रचली आणि पेटवून दिली. साद यांनी वाटखर्चाला पैसे देऊ केले, तेही घेतले नाहीत. उलट पावली मदिनेला. आता तुमचं फाटक, फाटकावरचा कॅमेरा, आत चिठ्ठी घेणारा शिपाई आणि त्याच्या आत 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणणारा पीए, एवढं सगळं जाळायचं म्हटलं तर लाकूड किती लागेल? पर्यावरणाचा तरी विचार करा.

भाषणाच्या बाबतीत तर हा माणूस अजिबात अनुकरणीय नाही. एकदा लुटीत आलेलं कापड सगळ्यांना सारखं वाटलं होतं. उमर बोलायला उभे राहिले, "ऐका." पैगंबरांचे एक सहकारी सलमान फारसी म्हणाले, "ऐकत नाही. एका वाट्यात तुमच्या उंचीच्या माणसाचा अंगरखा होत नाही, मग हा झाला कसा?" आपल्याकडे अशा माणसाला दोन कार्यकर्ते अलगद उचलून बाहेर नेतात आणि चहा पाजतात, किंवा पाजत नाहीत. उमर यांनी मुलाला, अब्दुल्लाला, उभं केलं. तो म्हणाला, माझा वाटा मी वडलांना दिला. "आता बोला, ऐकतो," सलमान म्हणाले. सभेआधी माइक कुणाकुणाच्या हातात जाईल हे ठरवून का घ्यायचं, ते इथं कळतं.

आणि रात्रीचं फिरणं तर मुळीच नको. अस्लम नावाचा त्यांचा सेवक ही हकिकत सांगतो. रात्री दोघं मदिनेबाहेर गेले, तर लांब जाळ दिसला. एक बाई, भोवती रडणारी पोरं, चुलीवर भांडं. भांड्यात काय, तर नुसतं पाणी. काहीतरी शिजतंय असं वाटून पोरांनी झोपी जावं म्हणून. बाई म्हणाली, "उमरचा आणि आमचा न्याय अल्लाहच करील." हे म्हणाले, "बाई, उमरला तुमचं कसं कळणार?" ती म्हणाली, "आमचा कारभार हाती घेतो आणि आमच्याकडे बघत नाही?" तुम्ही काय केलं असतं, मला ठाऊक आहे. नाव-पत्ता लिहून घेतला असता आणि योजनेत बसते का बघतो म्हणाला असता. फारच कनवाळू असाल तर फोटोही काढून घेतला असता.

हे पळत कोठारावर आले, पिठाचं पोतं आणि चरबी काढली आणि अस्लमला म्हणाले, चढव माझ्या पाठीवर. तो म्हणाला, मी नेतो. "कयामतच्या दिवशी माझं ओझं तू वाहणार आहेस?" मग परत जाऊन चुलीशी बसले, स्वतः फुंकर घालत. अस्लमच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की दाढीतून धूर निघत होता. पोरं जेवली, खेळायला लागली, झोपली, तेव्हाच उठले. बाईला शेवटपर्यंत नाव सांगितलं नाही. तुमच्या माणसांना विचारा, नाव न सांगता वाटलेल्या धान्याचा उपयोग तरी काय?

639 च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हा लोकांना मिळत नाही तोवर मला नको म्हणून तूप आणि मांस सोडलं, तेलावर राहिले आणि पोट गुरगुरायला लागल्यावर पोटालाच दटावलं. पाहणी दौऱ्यात सर्किट हाउसवर बसून ही गोष्ट वाचू नका, घास अडकतो.

मुलांना तर हे चरित्र दाखवूच नका. अब्दुल्लानं एक हडकुळा उंट घेतला, सरकारी कुरणात चरायला सोडला, गुबगुबीत झाल्यावर बाजारात उभा केला. बाप तिथंच हजर. खलिफाच्या मुलाचा उंट म्हणून लोकांनी आधी त्यालाच चारा-पाणी दिलं असणार, तेव्हा मूळ किंमत तू घे आणि नफा खजिन्यात भर. एका उंटाचा नफा! इथं अख्खं कुरण मेव्हण्याच्या नावावर होतं आणि सातबाऱ्याला पत्ता लागत नाही.

खरं सांगायचं तर या माणसात तुमच्या कामाचं थोडं आहेही. कडकपणा भरपूर, हातात कायम चाबूक. शिया मंडळींचं त्यांच्याविषयीचं मत वेगळं आहे. आणि फिरोज नावाचा इराणी गुलाम मालक कमाईतून फार वसूल करतो अशी तक्रार घेऊन आला तेव्हा, तुझ्या कमाईला ही वसुली जास्त नाही, म्हणून त्याला परत पाठवलं. मला तो निकाल अजून खटकतो. रस्त्यातल्या बाईचं पोत्यासह ऐकणारे इथं आकडेमोडीवर का थांबले? 644 मध्ये त्याच फिरोजनं पहाटेच्या नमाजात त्यांच्यावर खंजीर चालवला.

जखम जीवघेणी होती, पण बेशिस्त बघा, मरतानाही हिशेब. डोक्यावर 86 हजारांचं कर्ज निघालं. ते आधी घरच्या मालमत्तेतून फेडा, नाही पुरलं तर कुळाकडे मागा. खजिन्याचा उल्लेख नाही. पुढचा खलिफा निवडायला सहा जणांची समिती नेमली; अब्दुल्लानं बैठकीला बसावं, पण त्याला पद नाही. तिकिटाला लायक मुलगा घरात असताना!

मग त्याच मुलाला पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांकडे पाठवलं. त्यांच्या घरात पैगंबर आणि अबू बक्र यांच्या कबरी होत्या, शेजारी जागा मागायची होती. जाताना बजावलं, "उमर सलाम सांगतो, असं म्हण. अमीरुल मोमिनीन, श्रद्धावंतांचा अमीर, असं म्हणू नकोस. आज मी त्यांचा अमीर नाही."

तुम्ही मात्र लेटरहेड छापायला टाकाल तेव्हा नावाखाली 'माजी' मावेल एवढी जागा आत्ताच सोडायला सांगा. गाडीच्या काचेवरही.