पिवळा कापतो, काळा चमकवतो? फोम पॅडविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, राजवाड्यावरून पुढे सरकली की इंदूरमध्ये गाड्या धुण्याचा आणि घासण्याचा हंगाम सुरू होतो. बॉनेटवर आणि छतावर बसलेला गुलाल लोक कोरड्या फडक्याने पुसतात, त्याने क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उमटतात, आणि ते काढण्यासाठी कोणी ना कोणी घरीच पॉलिशिंग मशीन मागवतो. नेमक्या याच दिवसांत एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला आमच्या लोकमान्य नगरातल्याच चार जणांनी पाठवला. त्याचा आशय थोडक्यात असा : मशीनला लावायच्या फोम पॅडची निवड पॅडच्या रंगावरून करावी, पिवळा कापतो (म्हणजे वरचा थर घासून ओरखडे काढतो), पांढरा पॉलिश करतो, काळा शेवटची चमक देतो, आणि हे सगळ्या कंपन्यांना लागू आहे, पॅड जितका कडक तितका ओरखडा लवकर जातो, मऊ फोमने गाडीचा रंग जळत नाही, म्हणून नवख्याने मऊ पॅड लावून मशीन बिनधास्त पूर्ण वेगात चालवावे, पॅड मोठा आणि जाड घ्यावा, आणि एकच पॅड पाण्यात भिजवून वापरला तर अख्ख्या गाडीला पुरतो. नवख्याने लोकरीच्या पॅडऐवजी फोमपासून सुरुवात करावी, हा संदेशातला सल्ला मात्र योग्य आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही.

पहिला मुद्दा रंगाचा, आणि घोळ मुख्यतः इथेच आहे. फोमच्या रंगासाठी सर्व कंपन्यांनी मान्य केलेले कोणतेही मानक नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मालिकेपुरता रंगांचा क्रम ठरवते. रुपेसच्या मालिकेत निळा फोम सर्वांत खरखरीत कामाचा आणि पिवळा बारीक कामाचा आहे, तर लेक कंट्रीच्या प्रचलित मालिकेत पिवळा पॅड जोरकस कापासाठी असतो. थ्रीएमचा निळा पॅड पुन्हा अगदी शेवटच्या, सर्वांत नाजूक हाताचा. म्हणजे ‘निळा’ एवढेच ऐकून पॅड आणणारा माणूस एका कंपनीचा सर्वांत कापरा पॅड घरी नेईल किंवा दुसऱ्या कंपनीचा सर्वांत मऊ, आणि दोन्ही वेळा आपण बरोबर खरेदी केली असेच त्याला वाटेल. काळा पॅड बहुतेक ठिकाणी शेवटच्या हातासाठी असतो हे खरे, पण बहुतेक ठिकाणी म्हणजे सर्वत्र नव्हे.

कंपनीचे नाव नसलेल्या पाच रंगी संचांची गोष्ट तर याहून वाईट. असा एक संच मीही स्वस्त मिळाला म्हणून घेतला होता. त्यातला पिवळा आणि पांढरा पॅड शेजारी ठेवून अंगठ्याने दाबले, तेव्हा दोन्ही सारखेच खचले आणि सारख्याच वेगाने वर आले. छिद्रेही तेवढीच होती. फोम एकच, रंग तेवढा वेगळा ओतलेला. म्हणून विकत घेताना रंग नव्हे, तर वेष्टनावर लिहिलेले काम वाचावे, आणि ते लिहिलेले नसेल तर पॅड हातात घेऊन पाहावा. अंगठ्याखाली किती दबतो आणि किती लवकर उसळतो हे बघावे, उजेडाकडे धरून छिद्रांचा आकार बघावा, आणि कडेला ओठ लावून फुंकून पाहावे. फुंकर आरपार जात असेल तर फोम उघड्या छिद्रांचा आहे; असा फोम हवा खेळती ठेवतो आणि उष्णता बाहेर टाकतो, पण कंपाउंड, म्हणजे ओरखडे घासून काढणारी पेस्ट, तीही थोडी पोटात घेतो. फुंकर अडत असेल तर छिद्रे बंद आहेत आणि कंपाउंड जास्त करून पृष्ठभागावरच राहील. दुकानदार हसला तरी हरकत नाही. सियागंजच्या बाजारात माझ्याकडे पाहून हसले आहेत.

दुसरा मुद्दा, कडक पॅड म्हणजे जास्त काप. हा समज चुकीचा ठरवायला लोकरीचा पॅड हातात घेणे पुरेसे आहे. हाताला तो कोणत्याही फोमपेक्षा मऊ लागतो, आणि तरीही काप त्याचाच जास्त असतो. मायक्रोफायबर पॅडचेही तसेच आहे. कापण्याचे काम फोम एकटा करत नाही. ते कंपाउंडमधले अपघर्षक कण करतात, आणि पॅडची रचना त्या कणांना रंगावर किती दाबून आणि किती हालवून धरते त्यावर परिणाम ठरतो. एकाच मालिकेतला, एकाच जातीचा फोम असेल तर कडक पॅड मऊ पॅडपेक्षा जास्त कापतो, एवढ्यापुरते संदेशातले म्हणणे खरे आहे. त्या मर्यादेबाहेर ते लागू पडत नाही. शिवाय मऊ क्लिअर कोटवर कडक फोम स्वतःच बारीक खुणा पाडतो. मूळ ओरखडे जातात, पण त्यांच्या जागी एक धुरकट पडदा राहतो, जो सावलीत दिसत नाही आणि पेट्रोल पंपावरच्या दिव्याखाली लगेच दिसतो.

तिसऱ्या मुद्द्यावर मी सविस्तर लिहितो, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे, आणि ती मावसभावाच्या गाडीवर. एप्रिलच्या दुपारी, पोर्चमध्ये, रोटरी मशीनला (ज्यात पॅड नुसता गरगर फिरतो) अगदी मऊ काळा पॅड लावून मी बॉनेटवर शेवटचा हात फिरवत होतो. मऊ पॅड आहे म्हणून वेग मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या आसपास ठेवला होता, आणि बॉनेटच्या उंच कडेवर मशीन काही क्षण रेंगाळले. फडक्याने पुसले तेव्हा त्या कडेवर बोटभर लांबीची करडी रेघ होती. तो खालचा प्रायमर होता. भाऊ काही बोलला नाही, हे जास्त लागले.

असे का होते, ते समजून घ्यावे. मिनिटाला 1500 फेऱ्यांवर 150 मिलिमीटर व्यासाच्या पॅडची कड ताशी सुमारे 42 किलोमीटर वेगाने रंगावरून घसरत असते, आणि 3000 फेऱ्यांवर हा वेग ताशी 85 किलोमीटरच्या घरात जातो. घर्षणाची उष्णता वेग, दाब आणि एका जागी थांबण्याचा वेळ यांतून येते. फोम मऊ असल्याने ती नाहीशी होत नाही. उलट दाटलेला मऊ फोम उष्णता धरून ठेवतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉन असतो, म्हणजे डोक्याच्या केसाएवढा किंवा त्याहूनही पातळ, आणि पत्र्याच्या कडांवर रंगाचा थर सपाट भागापेक्षा कमीच असतो. प्लास्टिकचा बंपर तर पत्र्यासारखी उष्णता पसरू देत नाही, त्यामुळे तिथे धोका दुप्पट जाणवतो. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीवर हात ठेववत नाही. अशा पत्र्यावर मशीन लावणे, मग पॅड कोणताही असो, टाळलेलेच बरे. कडांवर मास्किंग टेप लावावी, तिथे वेग उतरवावा आणि मशीन हलते ठेवावे. नवख्याला खरे संरक्षण मऊ पॅड देत नाही, ड्युअल अ‍ॅक्शन मशीन देते, कारण त्यात पॅड फिरता फिरता डोलतो आणि जोर पडला की त्याचे फिरणे आपोआप मंदावते. तरीही त्यानेसुद्धा रंग उतरू शकतो. वेळ तेवढा जास्त लागतो.

चौथा मुद्दा, मोठा आणि जाड पॅड. पॅड बॅकिंग प्लेटपेक्षा, म्हणजे मशीनच्या ज्या चकतीवर तो चिकटतो तिच्यापेक्षा, थोडा मोठा हवा, म्हणजे प्लेटची कड रंगाला लागत नाही; 125 मिलिमीटरच्या प्लेटवर 180 मिलिमीटरचा पॅड चढवला तर कडेचा फोम नुसता फडफडतो आणि लहान मशीनची मोटर दमते. जाडीचे गणित रोटरीवर वेगळे आणि ड्युअल अ‍ॅक्शनवर वेगळे आहे. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनचे डोलणे 8, 15 किंवा 21 मिलिमीटरचे असते, आणि पॅड जाड व लुसलुशीत असेल तर त्यातले बरेचसे डोलणे फोमच्या पोटातच जिरते. वरची बाजू हलते, रंगाला टेकलेली बाजू जवळपास जागीच राहते. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक आडवी रेघ मारून मशीन चालवले, की पॅड खरोखर फिरतो आहे की नुसता थरथरतो आहे हे त्या रेघेवरून दिसते. अशा मशीनसाठी पातळ पॅड चांगले, आणि खांब, आरसे, दाराच्या मुठींभोवतीची जागा यांसाठी 75 ते 80 मिलिमीटरचे छोटे पॅड वेगळे ठेवावेत.

एक पॅड आणि अख्खी गाडी हा पाचवा मुद्दा फार वाद घालण्याजोगा नाही. कंपाउंडचा गाळ आणि उतरलेला रंग छिद्रांत साचला की फोम जड, ओला आणि गरम होतो, काप घटतो, आणि माणूस नकळत जास्त दाब देतो. प्रत्येक भाग संपला की ताठ नायलॉन ब्रशने किंवा दाबाच्या हवेने पॅड झाडावा, आणि एका जातीचे चार-पाच पॅड हाताशी ठेवून ते आलटून पालटून वापरावेत. पाण्यात भिजवलेला पॅड कंपाउंड पातळ करतो आणि चारी बाजूंना शिंतोडे उडवतो. बोअरचे पाणी असेल तर त्या शिंतोड्यांचे पांढरे डाग वाळतात ते निराळेच. सुरुवातीला पॅडच्या तोंडावर कंपाउंड बोटाने पसरून घ्यावे, नंतर तीन-चार थेंब पुरतात.

मग निवडायचे कसे, हा प्रश्न चौघांनीही उलट विचारला. बॉनेटवर अंदाजे दीड फूट चौरसाचा तुकडा टेपने आखावा. सर्वांत सौम्य जोडीपासून, म्हणजे मऊ पॅड आणि बारीक पॉलिशपासून, सुरुवात करावी, आडवे-उभे मिळून चार हात द्यावेत, पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसून टाकावा, आणि टॉर्च तिरपा धरून पाहावे. ओरखडे उरले असतील तर आधी पॉलिश एक पायरी वाढवावे, मग गरज असेल तरच पॅड. गेरीच्या गुलालाने पडलेले ओरखडे बहुधा दुसऱ्या पायरीवरच निघतात. ज्या पॅडला एकदा कंपाउंड लागले, तो कितीही धुतला तरी शेवटच्या पॉलिशला वापरू नये. म्हणून माझ्या प्रत्येक पॅडच्या वेल्क्रोवर मार्करने ‘कं’ किंवा ‘पॉ’ लिहिलेले असते. धुताना सौम्य साबण घ्यावा, पॅड पिळू नये, दाबून पाणी काढावे, आणि वेल्क्रोचा गोंद सुटू नये म्हणून तो गच्चीवरच्या उन्हात न टाकता जिन्याच्या सावलीत वाळत घालावा.