आयुष्मान कार्डावर मेडिकलमधून गुडघ्याचा पट्टा मिळत नाही

"आयुष्मान कार्ड दाखवा, कुठल्याही मेडिकलमधून गुडघ्याचा पट्टा फुकट घ्या. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. दुकानदार नाही म्हणाला तर दवाखान्यात एक रात्र भरती व्हा, काम होतं." हा मेसेज मराठवाड्यातल्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या आत्यापर्यंत तो पोचला आणि ती कार्ड पिशवीत घालून अंबाजोगाईला निघालीसुद्धा. गुडघा वाकत नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला असल्या मेसेजपायी एसटीच्या पायऱ्या चढायला लावू नका.

मेडिकलचं पहिलं. आयुष्मान भारत काय किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना काय, दोन्ही भरती झालेल्या रुग्णाच्या उपचारासाठी आहेत. योजनेत अंगीकृत, म्हणजे सरकारने योजनेत सामील करून घेतलेली रुग्णालयं असतात, कोपऱ्यावरचं मेडिकल नसतं. ओपीडीत तपासून लिहून दिलेला पट्टा या कार्डावर निघत नाही. दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, त्याच्याकडे ते कार्ड चालवायची सोयच नाही.

खरा घात आहे तो "एक रात्र भरती व्हा" मध्ये. योजनेत ठरावीक उपचाराला ठरावीक रक्कम असते, त्याला पॅकेज म्हणतात. नुसता पट्टा देण्यासाठी भरती करण्याचं पॅकेज नाही. रुग्णालयाला आधी आजार आणि पॅकेज निवडून, तपासण्यांचे कागद चढवून पूर्वपरवानगी मागावी लागते. म्हणजे पट्ट्यासाठी भरती दाखवायची तर तुमच्या नावावर दुसराच आजार लिहिला जाणार, आणि त्याला अंगठा किंवा ओटीपी तुम्हीच देणार. 5 लाखांचं संरक्षण माणशी नसतं, सगळ्या कुटुंबाला मिळून वर्षाला असतं. खोट्या भरतीचे पैसे त्यातूनच वजा होतात. चार महिन्यांनी घरातल्या कुणाच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं, तर तेवढी रक्कम कमी पडणार. काही शेकड्यांच्या नी-कॅपसाठी हा सौदा? कुणी "नुसता अंगठा लावा" म्हणत असेल, तर कोणता आजार आणि किती रकमेचं पॅकेज टाकलं हे आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला विचारा. शंका आली तर तिथूनच 155388 (फुले योजना) किंवा 14555 (आयुष्मान) या हेल्पलाइनला फोन लावा.

यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करावं लागेल. लिगामेंटचं किंवा फ्रॅक्चरचं ऑपरेशन योजनेतून झालं असेल, तर औषधं, तपासण्या आणि उपचाराचं साहित्य पॅकेजमध्येच धरलेलं असतं. आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतरची 15 दिवसांची औषधंही येतात. अशा वेळी ब्रेस, म्हणजे गुडघ्याला आधार देणारा पट्टा बाहेरून आणायला सांगितला, तर तसं लेखी मागा, पक्कं बिल ठेवा आणि डिस्चार्जच्या आधी आरोग्यमित्राकडे तक्रार द्या. घरी गेल्यावर हे सगळं फार अवघड होतं.

"चिठ्ठी लागत नाही" हेही घातक आहे. ओढून घालायची नी-कॅप, बाजूला बिजागऱ्या असलेला हिंज ब्रेस, पाय सरळ ठेवणारा लांब इमोबिलायझर, या तिन्हींचं काम वेगळं. झिजलेल्या गुडघ्याला महिनाभर इमोबिलायझर बांधला तर मांडीचे स्नायू सुकतात आणि गुडघा आखडतो. मापही अंदाजाने घेऊ नका. वाटीच्या मध्यावरचा घेर आणि मांडीचा घेर टेपने मोजा, आणि त्याच कंपनीचा तक्ता बघा, कारण एकाचा लार्ज दुसऱ्याचा मिडियम असतो. सैल पट्टा चालताना पोटरीवर उतरतो. घट्ट झाला तर गुडघ्यामागे कातडी सोलते आणि पाऊल सुजतं.

पट्ट्यासाठी सरकारी पैसा मिळतो, पण तो विम्यातून नाही. राज्य सरकारचा 6 फेब्रुवारी 2024 चा मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा शासन निर्णय आहे, तो वाचा. त्यातल्या साहित्याच्या यादीत नी-ब्रेस नावानिशी आहे. सोबत वॉकर, लंबर बेल्ट, कमोड खुर्चीही आहे. 31 डिसेंबर 2023 पर्यंत 65 वर्षं पूर्ण असावीत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असावं. तेच साहित्य मागच्या 3 वर्षांत सरकारकडून फुकट मिळालेलं नसावं. असं असेल तर एकदाच 3000 रुपये खात्यात येतात. अर्ज जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांकडे. सोबत आधार, बँक पासबुक, दोन फोटो, ओळखीचा पुरावा आणि स्वयंघोषणापत्र.

लोक अडतात ते दोन ठिकाणी. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. पासबुक जिल्हा बँकेचं आणि आधार पोस्टाच्या खात्याला, असं असलं की म्हातारी माणसं महिनोन् महिने चुकीच्या पासबुकात नोंद शोधत बसतात. दुसरं, पैसे आल्यावर 30 दिवसांत खरेदीचं बिल सहायक आयुक्तांकडून प्रमाणित होऊन पोर्टलवर चढायला हवं, नाहीतर रक्कम वसूल करण्याची तरतूद त्याच निर्णयात आहे. कच्च्या चिठ्ठीवर पट्टा घेऊ नका. बिलावर लाभार्थ्याचंच नाव असू द्या, मुलाचं नको, आणि वस्तूसमोर "नी-ब्रेस" असं स्पष्ट लिहून घ्या, "सर्जिकल सामान" असं मोघम नको.