हुबळीचा उल्लेख हवा होता

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहावरील तुमच्या लेखात ‘ललितकलादर्श’ला कोल्हापुरात जन्मलेली नाटक मंडळी म्हटले आहे, ते दुरुस्त करावे. गायक-नट केशवराव कोल्हापूरचे खरे, परंतु ही नाटक मंडळी त्यांनी १९०८ मध्ये हुबळीत स्थापन केली. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. निपाणीकडची आम्ही मंडळी नाटकासाठी कोल्हापूर गाठत असू आणि शाहू महाराजांनी उभारलेले ते थिएटर आम्हाला कधीच परके वाटले नाही. म्हणूनच ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ते आगीत जळाले तेव्हा आमच्याही घरांत हळहळ झाली. नव्या वास्तूत इतिहासाचा फलक लागेल, तेव्हा त्यावर हुबळीचे नाव अवश्य असावे.