दृढीकरणाच्या वर्गातील प्रश्नांविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी, प्रभूच्या नावाने सलाम.

दृढीकरणाच्या वर्गात, म्हणजे बाप्तिस्मा झालेली मुले आपल्या विश्वासाची जाहीर कबुली देण्याची तयारी करतात त्या वर्गात, त्यांना मनातले प्रश्न मोकळेपणाने विचारू द्यावेत आणि घरची प्रार्थना मराठीत व्हावी, असे मी गेल्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण खानापूरहून दोन आक्षेप कळवलेत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना शंका काढायला शिकवणे म्हणजे अविश्वासाचे बी पेरणे होय, कारण पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वचने मुलांच्या मनावर बिंबवण्याची आज्ञा आहे, त्यांवर वाद घालण्याची नव्हे, हा पहिला. सीमाभागातला भाषेचा तंटा मी ख्रिस्ती मंडळीत आणत आहे, हा दुसरा. आपण चाळीस वर्षे संडे स्कूल चालवलेत, म्हणून हे उत्तर घाईने न लिहिता चार दिवस विचार करून लिहीत आहे.

पाठांतराबद्दलचे आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि लेखात मी त्याला कमी लेखले ही माझी चूकच झाली. माझी आई शेवटच्या आजारात आम्हा भावंडांनाही ओळखेनाशी झाली होती, पण पाळकसाहेबांनी तेविसावे स्तोत्र सुरू केले की तिचे ओठ हलत आणि शेवटच्या ओळीपर्यंत ती त्यांच्याबरोबर जात असे. ते स्तोत्र तिने लहानपणी घोकूनच पाठ केले होते.

पण गुरुजी, त्याच अध्यायात थोडे पुढे, विसाव्या वचनात, या विधींचा आणि नियमांचा अर्थ काय असे पुढे तुझा मुलगा तुला विचारील, असे म्हटले आहे. मुलगा विचारणार हे तिथे गृहीतच धरलेले आहे आणि त्याबद्दल त्याला दटावायला सांगितलेले नाही. उत्तर काय द्यायचे तेही दिले आहे: आम्ही मिसर देशात फारोचे दास होतो आणि परमेश्वराने आम्हाला तिथून बाहेर काढले. म्हणजे बापाने नियम पुन्हा वाचून दाखवायचा नाही, आपल्या लोकांवर काय गुदरले आणि देवाने काय केले ते सांगायचे. आपल्या किती घरांत आईवडील मुलांना हे सांगतात? आपण विश्वासात का टिकलो, कधी डळमळलो, हे माझ्या वडिलांनी मला कधीच सांगितले नाही, आणि ती उणीव मला आजही जाणवते.

गेल्या वर्षी गणेशचतुर्थीनंतरच्या रविवारी आमच्या वर्गातल्या दहावीच्या एका मुलाने दप्तरातून कागदाची पुडी काढून बाकावर ठेवली. आत तळणीचा मोदक होता आणि कागदाला तेलाचे डाग पडले होते. मित्राच्या आईने तो प्रसाद म्हणून दिला होता. खाल्ला तर पाप लागेल आणि टाकला तर मित्राचा अपमान होईल, या पेचात त्याने तो दोन दिवस जवळ बाळगला होता; घरी विचारायचे धाडस झाले नव्हते. आम्ही प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय काढला आणि त्याने हाच पेच कसा हाताळला ते तासभर वाचले. मूर्ती काहीच नाही हे पौल मानतो, तरी दुसऱ्याच्या सद्सद्विवेकाचा विचार करायला सांगतो, आणि हे नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितले तर सांगणाऱ्यासाठी ते खाऊ नका, असेही म्हणतो. निर्णय मुलाने स्वतः घेतला. दुसऱ्या दिवशी मित्राकडे जाऊन त्याने सगळे सांगितले, तर मित्र म्हणाला, “मग चिवडा घे की.” त्यांची मैत्री आजही आहे. मी नुसते “घ्यायचा नाही” म्हटले असते, तर तो पी.यू.सी. (बारावी) होईपर्यंत ऐकता. पुढे बेंगळुरूच्या किंवा पुण्याच्या वसतिगृहात त्याच्यासोबत ना मी असणार, ना आपण.

आता भाषेबद्दल. कन्नडशी माझे वैर नाही. ज्या घरात आई कन्नड बोलते तिथे प्रार्थना कन्नडमध्येच व्हावी. पण बेळगावची आपली मुले घरी मराठी, बाजारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलतात, पवित्र शास्त्र मोबाईलवर इंग्रजीत वाचतात, आणि “तुझे आडनाव पाटील, मग तू ख्रिश्चन कसा?” असे वर्गमित्राने विचारले की गप्प होतात. आपला विश्वास परका आहे असे त्यांनाही आतून वाटू लागते. लंडन मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे काम बेळगावात १८२० साली सुरू झाले, म्हणजे आता दोनशे वर्षे उलटून गेली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर अभंगाच्या चालीत ख्रिस्ताचे गुणगान केले. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो पाचएक वर्षांनी, स्वतःची खात्री पटल्यावर घेतला. नवऱ्याच्या मागोमाग त्या गेल्या नाहीत, आणि गेल्या तेव्हा मराठी बाई म्हणूनच गेल्या. हे त्या मुलांना माहीत असायला हवे, एवढेच माझे म्हणणे आहे.

एक विनंती आहे. वर्ग रविवारी उपासनेनंतर भरतो. पाठांतराचा अर्धा तास आपण घ्यावा, कारण ते मला आपल्यासारखे जमत नाही. उरलेला अर्धा तास मात्र मागच्या बाकावर बसून मुले काय विचारतात ते ऐकावे. प्रार्थना करूनही आजी का वाचली नाही, असे एका मुलीने गेल्या आठवड्यात विचारले आहे आणि मी अजून तिला उत्तर दिलेले नाही.